भाच्याला ऑस्ट्रेलियात टेफला घालावं का? (ट्रॅक्टरवालं टाफे नव्हे)

औसा_नाका

राम राम मंडळी. कित्येक वर्षं नुसता वाचत बसतो, लिहायची वेळ आज आली.

बहिणीच्या पोराचा प्रश्न आहे. बहीण निलंगा तालुक्यात दिलेली, दाजींची पाच एकर, दोन एकर ऊस आणि बाकी सोयाबीन-तूर, पाऊस म्हणेल तसं. पोरगं २२ वर्षांचं. बारावीला ५४ टक्के पडले तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं होतं, कारण शेजारचं पोरगं नीटमधून एमबीबीएसला लागलं आणि आमच्या लातूर भागात जो नीटला लागत नाही त्याच्याकडे लोक कसं बघतात ते सांगायला नको. मग आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, एक वर्षाचा ट्रेड, आणि आता तीन सीझन झाले ऊसतोडणीच्या हार्वेस्टरवर मेकॅनिक म्हणून फिरतंय. हात चांगला आहे त्याचा, मामा आहे म्हणून सांगत नाही, मशीनवाले घरी गाडी पाठवून नेतात.

तर दिवाळीत कुणीतरी ऑस्ट्रेलियाचं डोक्यात भरवलं. संभाजीनगरला एका कन्सल्टन्सीत घेऊन गेलो. साहेबांनी वीस मिनिटांत फाईल बनवली, मेलबर्नचं एक प्रायव्हेट कॉलेज, आधी कुकरीचं सर्टिफिकेट आणि त्याला जोडून लीडरशिपचा डिप्लोमा. मी म्हणलं साहेब पोरगं डिझेलचं आहे, कुकरी कशाला? तर म्हणे कुकरीला पीआर आहे, म्हणजे तिथं कायमचं राहता येतं. ह्या पोरानं जन्मात चहा सोडून काही केलं नाही आणि तो पण दरवेळी उतू घालवतो.

जिना उतरताना तिथंच बसलेल्या एका पोरानं हळूच सांगितलं, काका टेफ बघा, ते सरकारी असतं. घरी येऊन दाजींना सांगितलं तर म्हणाले, टाफे? ट्रॅक्टरच्या कंपनीत लागायला ऑस्ट्रेलियाला कशाला जायचं?

तर हे टेफ नेमकं काय, आपलं आयटीआय तिथं धरतात का, खर्च किती, आणि दाजी दोन एकर इकायच्या गोष्टी करायलेत ते आत्ताच थांबवू का?

बिनसाखर

चहा उतू घालवणाऱ्याला शेफ करायला निघालेत, बरंय. बसलो पुढच्या ओळीत, येऊ द्या.

पर्थकर_परभणीचा

मामा नमस्कार. मी मूळचा परभणीचा, पर्थला असतो, टेफमधूनच शिकलो, आता डिझेल फिटर आहे. उशिरा लिहितोय, शिफ्ट होती.

टेफ म्हणजे टेक्निकल अँड फर्दर एज्युकेशन. तिथल्या राज्य सरकारांची कॉलेजं. १९७४ ला कांगन समितीचा अहवाल आला, त्यातून हे नाव रुळलं आणि केंद्राचा पैसा यायला लागला. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. सिडनीकडं टेफ एनएसडब्ल्यू हे एकच मोठं, ब्रिस्बेनकडं टेफ क्वीन्सलँड, मेलबर्नकडं होम्सग्लेन, चिशोम, बॉक्स हिल अशी नावं, म्हणजे नावात टेफ नाही पण सरकारीच. आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पाच टेफ कॉलेजं आहेत आणि परदेशी पोरांचं अ‍ॅडमिशन एकाच खिडकीतून, टेफ इंटरनॅशनल वेस्टर्न ऑस्ट्रेलिया म्हणतात त्याला.

आपल्या भाषेत सांगायचं तर आयटीआय आणि पॉलिटेक्निक एकाच आवारात. सर्टिफिकेट वन ते फोर, वर डिप्लोमा, त्याच्यावर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा. आपल्याकडं डिप्लोमा हा शब्द मोठा वाटतो म्हणून लोक त्या लीडरशिपच्या मागं लागतात, आणि इथं वर्कशॉपमध्ये फोरमन पहिला प्रश्न विचारतो, सर्ट थ्री आहे का? मेकॅनिकचा खरा कागद तोच. भाच्यासाठी हेवी कमर्शियल व्हेईकलचं सर्टिफिकेट थ्री बघा, नाहीतर मोबाईल प्लांटचं, म्हणजे खाणीतली आणि शेतातली मोठी मशीनं.

शिकवायची पद्धत वेगळी. पहिल्या आठवड्यात आम्हाला पाना हातात दिलाच नाही. मशीन बंद कशी करायची, कुलूप कसं लावायचं, स्वतःच्या नावाचा टॅग कसा अडकवायचा, हेच. मला राग यायचा, मी परभणीत चालू इंजिनखाली झोपलेला माणूस. नंतर कळलं की खाणीत तो टॅग नसला तर त्याच दिवशी घरी पाठवतात. आणि मार्क नसतात. काम जमलं तर कॉम्पिटंट, नाही जमलं तर नॉट येट कॉम्पिटंट. नापास हा शब्दच वापरत नाहीत, "अजून नाही" म्हणतात. ५४ टक्केवाल्या पोराला हे सांगा.

एक गोष्ट मात्र बोचते ती पण सांगतो. वर्गातली स्थानिक पोरं बहुतेक अप्रेंटिस असतात, मालक त्यांना पगार देतो आणि ती ब्लॉकनं, म्हणजे मधूनमधून काही दिवस सलग, कॉलेजला येतात. त्याच बाकावर आपण पूर्ण फी भरून. स्टुडंट व्हिसावर ती अप्रेंटिसशिप आपल्याला सहसा मिळत नाही.

कुंपण

म्हणजे बघा. इथं आयटीआयला पोरगं घातलं तर सोयरीक जमत नाही, आणि तेच आयटीआय इंग्रजीत असलं की पाहुण्यांना पेढे. वर्षाला काही हजारात होणाऱ्या ट्रेडला तिथं पंचवीस-तीस लाख. संभाजीनगरला शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहायलीय, वाळूज आहे, जालन्याला स्टीलवाले आहेत, तिथं डिझेल मेकॅनिक सापडत नाही म्हणून बोंब आहे. जमीन इकून परदेशात पाने फिरवायला जायचं हे मला तरी पटत नाही. माफी असावी.

वाळूजकर

कुंपणराव, बोंब आहे हे खरं पण बोंब मारणारा पगार किती देतो ते पण लिहा ना. मी स्वतः आयटीआय, मशिनिस्ट. एका कंपनीत सात महिने कॉन्ट्रॅक्ट, मग ब्रेक, मग त्याच गेटमधून दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं आत. अकरा वर्षं झाली, माझ्या कागदावर कुठंच सलग दोन वर्षं दिसत नाहीत. पोराला जायचं असंल तर जाऊ द्या, पण कुकरी नको.

औसा_नाका

पर्थकर, लई उपकार. "अजून नाही" वालं बहिणीला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

कुंपण, तुमचं पण खरं आहे. सोयरिकीचं तर शंभर टक्के. आता पैशाचं बोला कुणीतरी.

जुनं_पासबुक

बँकेतून निवृत्त आहे, कर्ज खात्यातच आयुष्य गेलं.

पहिलं म्हणजे शेतजमीन तारण ठेवून एज्युकेशन लोन मिळेल ह्या भ्रमात दाजींनी राहू नये. सरफेसी कायदा २००२ चा, त्याचं कलम ३१ शेतजमिनीला वगळतं. म्हणजे कर्ज बुडलं तर बँकेला ती जमीन त्या कायद्यानं ताब्यात घेता येत नाही, म्हणून बँका एज्युकेशन लोनला ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत. घर, एनए प्लॉट, एफडी, एलआयसी पॉलिसी, हे चालतं. गावठाणातलं घर नुसतं नमुना ८ वर असेल तर पॅनलचा वकील नाक मुरडतो. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल तर ते काढून ठेवा, उपयोग होऊ शकतो.

दुसरं, सगळ्या बँका परदेशातल्या सर्टिफिकेट कोर्सला कर्ज देत नाहीत. काहींना डिग्रीच लागते. शाखेत जाऊन कोर्सचं पूर्ण नाव दाखवून विचारा, विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाकून वाट बघत बसू नका.

तिसरं, शिष्यवृत्ती. कन्सल्टन्सीवाले हमखास सांगतात की सरकार देतं. समाजकल्याणची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती किंवा सारथीची परदेशी शिष्यवृत्ती, ह्या पदव्युत्तर आणि पीएचडीला आहेत. आयटीआयच्या पुढच्या सर्टिफिकेटला त्यातला रुपया मिळत नाही.

हप्ता शिक्षण संपून वर्षभरानं सुरू होतो साधारण, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ह्या एका वाक्यामुळं माझ्यासमोर रडलेले बाप मी बघितलेत, कारण सही करताना ते कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

पर्थकर_परभणीचा

पासबुक काकांनी निम्मं काम केलं. आता इकडचे आकडे.

स्टुडंट व्हिसा म्हणजे सबक्लास ५००. त्याची फी १ जुलै २०२४ ला ७१० वरून १,६०० डॉलर झाली आणि १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत येत नाहीत. म्हणजे लाखाच्या वर रक्कम नुसती फॉर्मला.

वर्षभराच्या राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, हा आकडा मे २०२४ पासूनचा. डॉलर ५५ ते ६० रुपये धरा, सतरा लाखाच्या आसपास जातंय. हे दाखवायचे, भरायचे नाहीत. त्याच्यावर पहिल्या वर्षाची फी आणि तिकीट. फी दरवर्षी बदलते, ऑफर लेटरवर येईल ती खरी. ओएसएचसी नावाचा आरोग्य विमा पूर्ण काळाचा आधीच घ्यावा लागतो.

कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, सुट्टीत मर्यादा नाही. किमान मजुरी जुलै २०२५ ला तासाला २४.९५ डॉलर झाली. कागदावर गणित जमतं. पण पहिले दोन-तीन महिने काम मिळेलच असं नाही, आणि भाडं दर आठवड्याला द्यावं लागतं, महिन्याला नाही. माझे पहिले सहा आठवडे भात, अंडं आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी ह्यावर गेले. खाणीत लई पैसा आहे म्हणून ऐकलं असेल, आहे, पण तिथं विमानानं नेऊन दोन-दोन आठवडे ठेवतात, शिकत असताना ते शक्य नाही.

आता मुद्द्याचं, पुढं काय. शिकून झाल्यावर ४८५ नावाचा व्हिसा असतो, त्यात आपल्यासारख्या ट्रेडवाल्यांचा वेगळा भाग, १८ महिन्यांचा, वय ३५ पर्यंत. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, ऑस्ट्रेलियात किमान ९२ आठवड्यांचं शिक्षण, त्यामुळं नुसतं सर्ट थ्री छोटं पडत असेल तर सर्ट फोर जोडून घेतात. दोन, शिक्षण ज्या कामाचं, ते काम सरकारच्या यादीत पाहिजे. डिझेल मोटर मेकॅनिक आहे. तीन, इंग्रजी, म्हणजे आयईएलटीएस ह्या परीक्षेत ६.५. स्टुडंट व्हिसाला ६ चालतं, मार्च २०२४ च्या आधी ५.५ होतं.

आणि टीआरए. ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, ट्रेडवाल्यांचं कौशल्य तपासणारं तिथलं सरकारी खातं. इथून शिकलेल्याला त्यांचा जॉब रेडी प्रोग्राम करावा लागतो. पहिल्या पायरीला ३६० तासांचं कामाचं रेकॉर्ड, पुढं किमान १२ महिन्यांत १,७२५ तास त्याच ट्रेडमध्ये पगारी काम, मग वर्कशॉपमध्ये येऊन माणूस समोर उभा राहून बघतो तुम्ही काय करताय ते. इथं लीडरशिपवाला अडकतो. त्याला दाखवायला कामच नसतं. कुकरी करून पेट्रोल पंपावर बसलेली पोरं पण इथंच अडकतात.

सरकारी आहे म्हणून व्हिसा हमखास, असं पण समजू नका. जेन्युइन स्टुडंटचे, म्हणजे खरंच शिकायला येताय का ते बघायचे प्रश्न असतात, उत्तराला १५० शब्द. हार्वेस्टरवरची तीन वर्षं हेच त्याचं उत्तर. कन्सल्टन्सीचं छापील उत्तर चिकटवलं तर दहा पोरांचं एकच निघतं. आणि एजंटशिवाय पण टेफला थेट अर्ज करता येतो, एजंट पाहिजेच असेल तर टेफच्या साईटवर त्यांच्या अधिकृत एजंटांची यादी असते, त्यात नाव बघा. कोर्सला क्रायकॉस नंबर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी नोंदणीचा नंबर, आहे का तेही बघा, त्याशिवाय परदेशी पोराला तो कोर्स नाहीच.

बिनसाखर

आधी प्रायव्हेटला जाऊन मग टेफला बदली करता येते असं आमच्या गल्लीतला एकजण सांगतो. खरं का?

पर्थकर_परभणीचा

मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने कॉलेज सोडायला आधीच्या कॉलेजची परवानगी लागते. आणि फी भरलेलं कॉलेज ती हसत देत नाही. गल्लीतल्याला सांगा.

उदगीरची_माय

मी क्वचित लिहिते. माझी लेक ब्रिस्बेनला टेफमध्येच आहे, लहान लेकरांच्या शिक्षणाचा कोर्स, सर्टिफिकेट झालं, आता डिप्लोमा चालूय. इथं बीए करून घरी बसली होती.

पैशाचं वर सगळं आलंय. मी दुसरं सांगते. तिला सर्टिफिकेटमध्ये १६० तास पाळणाघरात काम करायचं होतं, बिनपगारी, आणि आता डिप्लोमात २८० तास. त्या दिवसांत दुसरं काम करायला वेळच राहत नाही, म्हणजे पैसे येणं बंद आणि भाडं चालू. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही. त्या दोन महिन्यांत मी माझ्या पाटल्या मोडल्या. तिला अजून सांगितलेलं नाही, इथं खरं नाव नाही म्हणून लिहिते.

पण ती खूश आहे हो. पहिल्या दिवशी एका लेकराला खोकला आला तर हिनं आपल्या सवयीनं पाठीवरून हात फिरवला, लगेच बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं आधी विचारायचं. फोनवर रडली. आता सांगते की आई, बरोबर होतं त्यांचं.

मामा, पोराला विचारलंय का कुणी त्याला जायचंय का? धाग्यात आत्तापर्यंत बाकी सगळे बोलले म्हणून म्हणलं.

कुंपण

माय, पाटल्यांचं वाचून गप बसलो. माझा शब्द मागं घेत नाही पण जरा खालच्या आवाजात घ्या.

औसा_नाका

माय, तुमचा प्रश्न वाचून लाज वाटली. खरंच नव्हतं विचारलं. "काय म्हणतो रे" म्हणून विचारलं होतं, पण ते विचारणं नव्हतं. लिंक पाठवलीय त्याला.

निलंगा_डिझेल

मामा, मीच तो चहावाला. दोन दिवस झाले वाचायलोय, मशीन बंद आहे, होज फुटलाय आणि पार्ट कोल्हापूरहून यायचाय, म्हणून लिहितो.

जायचंय मला. पण कुकरीला नाही, ते मी त्याच दिवशी म्हणलो होतो, तुम्ही साहेबांशी बोलत होता. आणि जमीन इकून तर अजिबात नाही. आण्णांनी दोन एकर इकली तर मी तिथं काय पण कमावलं तरी इथं मान वर करून येता येणार नाही.

माझी अडचण वेगळी आहे. तीन सीझन काम केलं पण सगळा पैसा रोखीत. माझ्याकडं पुरावा म्हणून मोबाईलमधले मशीनचे फोटो आहेत आणि मालकाचे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, ते पण "कुठं मेला रे" असले. पर्थकर दादा, हे चालतं का?

मशीनचं मॅन्युअल इंग्रजीतच असतं, हायड्रॉलिकचा नकाशा मला मास्तरशिवाय कळतो. पण बोलायची बोंब आहे. आयईएलटीएसमध्ये बोलायचं असतं म्हणे.

पर्थकर_परभणीचा

भावा, मेसेजवरून हसलो. असे मेसेज माझ्याकडं पण होते.

नाही चालत. पण आत्ता सीझन चालू आहे ना, तर ह्या महिन्यापासून पगार बँकेत घे, फोनपेवर का होईना, पण "पगार" लिहून आणि दर महिन्याला. मालकाकडून लेटरहेडवर पत्र घे, तारखा, मशीनचं नाव, काय काय दुरुस्त केलं ते. नुसतं "काम चांगले आहे" असलं कॅरेक्टर सर्टिफिकेट नको. हे स्टुडंट व्हिसाला तुझी बाजू सांगायला कामाला येईल. आणि दुसरं म्हणजे, कागदावर पुरेशी वर्षं जमली तर टीआरएचा बाहेरून करायचा स्किल असेसमेंटचा रस्ता पण आहे, न शिकता. त्याला वर्षं जास्त लागतात आणि कागद पक्के लागतात, त्यामुळं आत्ता तुझं ते होणार नाही. पण कागद जमवायला आज सुरुवात केली तर दोन्ही दारं उघडी राहतात.

आयईएलटीएसचं बोलणं म्हणजे १०-१५ मिनिटं एका माणसासमोर. इंजिन उघडताना तोंडानं इंग्रजीत बोलत जा, मी आता हा बोल्ट सोडतोय, हे ऑइल काळं का झालं. लोक हसतील. हसू दे.

वाळूजकर

बँकेतून पगार मागितला तर मालक दुसरा मेकॅनिक बघतो, हे पण लक्षात ठेव. हळू घे.

निलंगा_डिझेल

दुसरा मिळत नाही त्यांना, मागच्या वर्षी बघितलंय. बोललो सकाळी. आधी शिव्या घातल्या, मग म्हणाले खातं नंबर पाठव.

गाळप मार्चपर्यंत चालंल. तोपर्यंत कागद आणि इंग्रजी, मग परीक्षा. पासबुक काका, आमचं घर गावठाणात आहे, मोजणी झालीय, कार्ड आलंय का ते ग्रामपंचायतीत विचारतो. कर्ज नाही बसलं तर अजून एक सीझन काढीन.

दादा अजून दोन विचारू का. एक, नॉट येट कॉम्पिटंट झालं तर परत पैसे लागतात का? आणि दोन, तिथल्या मास्तरला काय म्हणायचं, सर का गुरुजी?

पर्थकर_परभणीचा

मला तरी परत करून दाखवायची संधी दिली होती, माझे ब्रेक दुसऱ्या वेळी जमले. अख्खं युनिटच परत घ्यावं लागलं तर मात्र खर्च येतो, ते ऑफर लेटरसोबतच्या नियमात वाचून घे.

आणि मास्तरला नावानं हाक मारायची. मला सहा महिने जमलं नाही. मी सर म्हणलं की तो मागं वळून बघायचा, कुणाला म्हणतोय म्हणून.

बिनसाखर

नावानं?? आमचे आयटीआयचे निदेशक असते तर पाना फेकून मारला असता.

औसा_नाका

दाजींना सगळा धागा वाचून दाखवला, दीड तास लागला. जमिनीचा विषय सध्या बंद. ट्रॅक्टरचा गैरसमज दूर झाला असं वाटत होतं पण आत्ता शेजाऱ्याला सांगताना ऐकलं, टाफेत चाललंय म्हणे.

बाळा फोन का उचलंना? आई विचारायलीय आज मशीन कुठल्या शिवारात आहे, डबा कुठं पाठवायचा.